अनुभव धागा: वर्गातली जात, रंग आणि वडिलांचं नाव. सीमाभागातल्या मास्तर-बाईंनी लिहावं

हुक्केरीची बाई

परवा वर्गातल्या पोरांच्या दाखल्यांसाठी एका कचेरीत गेले होते. माझ्यापुढे एक मायलेकी. कारकून मुलीला वडिलांचं नाव विचारत होता, आई खाली बघत होती, आणि तो आवाज चढवून पुन्हा तेच विचारत होता. रांगेतल्या सगळ्यांना कळलं की बाई देवाला सोडलेली आहे. मी मध्ये पडले. आईचं नाव लिहून अर्ज घेतला त्यांनी, पण त्या मुलीचा चेहरा डोक्यातून जात नाही. आणि तिच्यामुळे माझी चौथीतली एक मुलगी आठवली.

तिचीही आई यल्लम्माची. हजेरीपटात वडिलांच्या जागी आजोबांचं, म्हणजे आईच्या बापाचं नाव. पोरांना सगळं ठाऊक असतं. मधल्या सुट्टीत "तुझा बा कोण गं?" हे रोजचं. रागावलं की दोन दिवस बंद, परत सुरू. शेवटी मी आणि हेडमास्तरांनी ठरवलं की वर्गात हजेरी घ्यायची ती मुलाचं नाव आणि आईचं नाव, एवढीच. सगळ्यांचीच. पटावर काय आहे ते पटावर राहू दे.

एक बागायतदार पालक तणतणत आले, माझं नाव का काढलं म्हणून. हेडमास्तरांनी त्यांना चहा पाजला आणि निर्णय तोच ठेवला. मला मात्र लक्षात राहिला एक मुलगा. त्याला आईचं नावच माहीत नव्हतं. घरी सगळे "अगं", "ए बाई" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी विचारून आला आणि हात वर करून उभं राहून सांगितलं, "शेवंता!" सगळा वर्ग हसला, तोही हसला. त्या मुलीकडे त्या दिवशी कुणाचं लक्षच नव्हतं. मला तेच पाहिजे होतं.

कर्नाटकात 1982 चा देवदासी बंदीचा कायदा आहे. तरीही सौंदत्तीच्या माघी पुनवेच्या जत्रेनंतर कोणती मुलगी गैरहजर आहे याकडे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचो. 2025 मध्ये विधिमंडळाने नवा कायदा मंजूर केलाय, देवदासींच्या मुलांवर वडिलांचं नाव सांगायची सक्ती करता येणार नाही असा. तो खिडकीपलीकडच्या माणसापर्यंत कधी पोचणार?

तुमच्याही वर्गात असं काही झालं असेल. लिहा, लहान-मोठं काहीही.

सुगरण_टिळकवाडी

ताई, भाकऱ्या थापत वाचलं. शेवंता वाचून भरून आलं. रात्री लिहिते.

निपाणीकर मास्तर (निवृत्त)

बाई, चांगला धागा काढलासा. आमच्याकडं जातीच्या जोडीला विडी असायची. अर्ध्या वर्गाच्या आया घरात विड्या वळायच्या, आणि पोरी मदतीला. मजुरी हजार विड्यांवर. त्यामुळं पोरींचा हिशेब पक्का, पण पहिल्या तासाला डोळे मिटायला लागायचे, कारण रात्री पानं कापत बसलेल्या. एकीच्या अंगठ्याचं नख बगितलेलं अजून दिसतंय मला. विडीचं तोंड दुमडून दुमडून नखाला खाच पडलेली आणि कडेला तंबाखूचा पिवळा डाग. शुद्धलेखनाची वही दाखवताना ती अंगठा मुठीत लपवायची. मी तिच्या आईला शाळेत न्हाई बोलावलं. वखारीच्या दारात जाऊन भेटलो, कारण शाळेत यायचं म्हणजे त्या दिवसाचा हजार बुडायचा. पालकसभा आपल्या सोयीनं घ्यायची आणि "पालक येत न्हाईत" म्हणायचं, हे मला कधीच पटलं न्हाई.

दुसरं सांगतो. बाबासाहेब एप्रिल 1925 ला निपाणीला आले होते. मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद इथं भरली होती, अध्यक्ष तेच. आपला जिल्हा तवा मुंबई इलाख्यात. पोरांना महाडचं 1927 साल तोंडपाठ असतंय, आपल्या गावचं 1925 कुणी सांगितलेलंच नसतंय. मी दरवर्षी सातवीच्या पोरांना सांगायचो, घरी आज्जा-आज्जीला विचारून या. एकदा एका पोराचा पणजा त्या परिषदेला गेला होता असं घरात सांगतात, हे कळलं. ते पोरगं आठवडाभर ताठ मानेनं हिंडत होतं. कागदाचा पुरावा न्हाई, मी मागितलाबी न्हाई.

चिकोडी_एक्स्प्रेस

मास्तर, वखारीचं वाचून आईची आठवण आली. तीही विड्या वळायची. मी आज हायस्कूलला गणित शिकवते. एवढंच लिहिते, पुढं लिहवत नाही.

निपाणीकर मास्तर (निवृत्त)

पोरी, कुठल्या गल्लीतली गं तू? सुट्टीला आलीस की घरी ये. काकू वाट बघल.

जांबोटी रोड

खानापूरच्या जंगलपट्टीतला अनुभव लिहितो. आमच्याकडे सिद्दी समाजाची घरं आहेत. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेल्या माणसांचे हे वंशज, तिथून पळून घाटावरच्या रानात आले. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहेत, बोलतात आपल्यासारखंच, कोकणी-मराठी मिसळून. तरी आठवीत आलेल्या एका मुलाला पहिल्याच दिवशी "कुठल्या देशातला रे?" विचारलं गेलं. पोरं मागून येऊन केसांना हात लावून पळायची. तो एप्रिलच्या उकाड्यातही डोक्यावरची लोकरीची टोपी काढायचा नाही. घामाचे ओघळ कानामागून सदऱ्यात जायचे, पण टोपी तशीच.

मोठ्यांचं वागणं वेगळं, पण मला तेच जास्त खुपायचं. क्रीडास्पर्धा आल्या की सगळ्यांना तो हवा. "हे लोक पळण्यात पक्के." ऐंशीच्या दशकात सरकारनेही सिद्दी मुलांसाठी खास क्रीडा योजना काढली होती, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. त्याला खरं तर पळायला आवडायचंच नाही. चित्रं काढायचा.

इतिहासाच्या तासाला मी मलिक अंबर जरा सविस्तर घेतला. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर, मुघलांना जेरीस आणणारा, खडकी (नंतरचं औरंगाबाद) शहर वसवणारा, जमीन मोजून सारा ठरवणारा. तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला. "सर, त्येचे केस माझ्यासारखे होते?" मी म्हटलं, असतील की. तर दुसऱ्या दिवशी त्याने मलिक अंबरचं चित्र आणलं, पगडीच्या खालून कुरळे केस बाहेर आलेले. ते मी वर्गात लावलं. त्रास थांबला असं म्हणणार नाही. टोपी जूनमध्ये गेली.

आता कागदाचं ऐका. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीत घेतलं. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी 2020 चा कायदा यावा लागला. म्हणजे त्याचा उत्तर कन्नडातल्या हल्याळचा मावसभाऊ जमातीत आणि हा नाही! रान एकच, आजी एकच. कायदा झाला तोवर हा दहावी होऊन गोव्याला कामाला गेला होता. धाकट्या बहिणीला फायदा मिळाला, वसतिगृहात राहून शिकली.

सुगरण_टिळकवाडी

सर, तुम्ही हिंडलग्याकडच्या डीएडच्या बॅचला होता का? लिहिण्याची पद्धत ओळखीची वाटते.

जांबोटी रोड

नाही हो मॅडम, मी धारवाडचा बीएड. पण आमची सौ. बेळगावची डीएड. विचारून सांगतो.

फडावरची शाळा

घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या. अथणी भाग. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात, आणि आमच्या मराठी शाळेत पोरं येतात. येतात म्हणजे आम्ही जाऊन आणतो. मुकादमाला आधी पटवावं लागतं, कारण मोठी बहीण शाळेत आली तर तान्ह्याला कोण बघणार? मग तान्ह्यासकट ये म्हटलं. नलीकलीच्या (लहान इयत्तांच्या, गटागटानं खेळत शिकायच्या) वर्गात कोपऱ्यात साडीची झोळी बांधली.

इथल्या पालकांची तक्रार, ही पोरं आंघोळ करत नाहीत, आमच्यांजवळ बसवू नका. पाणी कुठंय कोपीवर? कारखान्याच्या नळावर पहाटे बायकांची रांग. शाळेच्या बोअरवर आम्ही सकाळी पोरांना आंघोळीची सोय करून दिली, साबण आपापसांत वर्गणी काढून. महाराष्ट्रातून शिक्षण हमी पत्रक घेऊन आलं तर पोरगं कुठल्या इयत्तेत ते तरी कळतं. बहुतेक रिकाम्या हाती येतात. आमच्या सॅट्समध्ये (कर्नाटकच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत) नाव चढत नाही, तरी अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण आम्ही कुणालाच नाकारत नाही. लिहायचं काय ते लिहू.

चिकोडी_एक्स्प्रेस

सर, तान्ह्यासकट ये 🙏🙏

खिडकीतला कावळा

मी शिक्षक नाही, माझी बायको शिक्षिका आहे. पण एक विचारू का? कानडी शाळांत पण असंच असतं का? की तिथं आपली मराठी पोरं मागे बसतात?

गोकाकवाली

दादा, मी घरी मराठी, शिकवते कन्नड शाळेत. भाषेचं भांडण मोर्चात दिसतं, ते आपल्या जागी. पण वर्गात मागच्या बाकावर कोण आहे ते बघाल तर कुठल्याही माध्यमात त्याच वस्तीतली पोरं दिसतील. आमच्याकडे होलेर, मादर, तिकडे महार, मांग.

माझा अनुभव. पाचवीत एकाची कंपासपेटी हरवली. काही बोलायच्या आत सगळ्या माना एका पारध्याच्या मुलाकडे वळल्या. इंग्रजांनी 1871 मध्ये अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, तो कायदा 1952 मध्ये गेला. पण त्या माना वळल्याच ना! मी म्हटलं, झडती होणार असेल तर पहिली माझ्या पर्सची. टेबलावर सगळं ओतलं: डबा, गोळ्या, बसचा पास, कंगवा. मग म्हटलं, आता कुणाचंही दप्तर उघडायचं नाही. ज्याची पेटी गेली त्याला नवी मी घेऊन दिली. जुनी शेवटपर्यंत सापडली नाही. तो मुलगा दुसऱ्या दिवशी येणार नाही अशी धास्ती होती. आला.

सुगरण_टिळकवाडी

गोकाकवाली, तुमच्याकडची ती करदंट मिठाई पाठव गं 😄 आणि तो मुलगा पुढे शिकला का?

गोकाकवाली

सातवीपर्यंत माझ्याकडे होता. मग पाल हलला, ते कुठे गेले कळलं नाही. शोधलं मी. करदंट नक्की.

अतिथी शिक्षिका

नमस्कार, मी यंदाच लागले आहे, गाव सांगत नाही. वर्गात पोरं गल्लीप्रमाणे बसतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आपोआपच तसे बसतात. बौद्धवाड्यातली पोरं खिडकीच्या बाजूला, शेवटी. मी एकदा हलवलं तर दुपारी दोन पालक हजर. माझी नोकरी मार्चपर्यंतची, मुख्याध्यापक म्हणतात वाद नको. काय करू?

हुक्केरीची बाई

बाळ, ठरावीक पोरांना हलवू नकोस, त्याने त्यांच्यावरच डोळे रोखले जातात. पहिल्या दिवसापासून अख्खा वर्ग फिरता ठेव. दर सोमवारी पहिली ओळ शेवटी, बाकीच्या एकेक पुढे, आणि जोड्या हजेरी क्रमांकाने. नलीकलीच्या वर्गात गट फिरतातच, त्यामुळे पालकांना सांगायला सोपं. आणि मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घे.

निपाणीकर मास्तर (निवृत्त)

आणि पालक आले तर त्यांना उभं ठेवू नको. खुर्ची दे, पाणी दे. पाणी त्याच पिंपातलं, ज्यातलं सगळी पोरं पितात.

अतिथी शिक्षिका

धन्यवाद ताई, मास्तर. आज गुरुवार. उद्या मुख्याध्यापकांशी बोलते, सोमवारपासून ओळी फिरवते. काय होतंय ते इथेच लिहीन.