वर्गासमोर वजनकाटा: हवा की नको?

मृण्मयी: लेक पाचवीत, दहा वर्षांची. परवा शाळेत वजन-उंची घेतली. बाई आकडा मोठ्याने सांगणार, मॉनिटर वहीत लिहिणार. हिचे ४० किलो ऐकून मागच्या बाकावरून हसू आलं. तेव्हापासून डब्यातली दुसरी पोळी घरी परत येतेय. उंची १४० सेंमी, म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २०.४. मोठ्यांच्या तक्त्यात हे अगदी व्यवस्थित बसतं, मग शेरा 'जादा वजन' का? माझं मत स्पष्ट आहे: शाळेने हे बंद करावं.

बालरोगवाला: ताई, हसणाऱ्यांचा मलाही राग आला. पण शेरा चुकीचा नाही. मुलांना मोठ्यांचा तक्ता लावतच नाहीत, वय आणि मुलगा-मुलगी बघून रेषा बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलीला १९च्या पुढे जादा वजन आणि २२.६च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे तक्ते जादा वजन आणि लठ्ठपणासाठी मोठेपणीच्या बीएमआय २३ आणि २७ला जुळणाऱ्या रेषा वापरतात, नेहमीच्या २५ आणि ३०ला नाही. कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या भारतीयांच्या अंगात चरबी जास्त असते. पुण्यात मधुमेहाचे संशोधक डॉ. याज्ञिक यांनी तर नवजात बाळांतही हे दाखवलंय: वजन कमी, चरबी जास्त. घरच्यांना मात्र आपलं पोर 'खात्यापित्या घरचं' एवढंच दिसतं. मोजायलाच हवं.

खो-खो सर: मोजणार कशावर, ते तरी बघा! आमच्याकडे काटा उखडलेल्या फरशीवर ठेवतात आणि भिंतीवरची टेप जमिनीपासून दोन बोटं वर चिकटवलीय. याच मुलीची उंची २ सेंमी कमी भरली तर २०.४चे २१ होतात. शिवाय बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. माझा कबड्डीचा चढाईपटू दरवर्षी 'जादा' ठरतो. निदान कंबर तरी मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून कमी हवी.

सई: माझाही विरोधच. कॅलिफोर्नियात शाळाशाळांत हे तपासून पाहिलं, निष्कर्ष २०२१मध्ये आले. पालकांना बीएमआय कळवून मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. उलट जिथे वजन केलं, तिथली मुलं स्वतःच्या शरीरावर जास्त नाराज झाली. मग हा खटाटोप कशासाठी?

बालरोगवाला: सई, तो अभ्यास मला मान्य आहे. नुसतं पत्र धाडून काही होत नाही. पण मोजलंच नाही, तर कुठल्या शाळेत मैदान नाही आणि कुठे फाटकासमोर वडापाव-चिप्सची गाडी आहे, याचा मुलांच्या अंगावर काय परिणाम होतोय हे कळणार कसं? इंग्लंडमध्ये २००५-०६पासून पहिल्या आणि शेवटच्या प्राथमिक वर्गाचं वजन घेतात. तेही आडोशाला, मुलाला आकडा न सांगता. पालक नकोही म्हणू शकतात.

सई: आपल्याकडे साठ पोरांच्या वर्गात आडोसा कुठून आणणार? पीटीचा तास गणिताला देणाऱ्या शाळेने पोरांची वजनं तरी का घ्यावीत?

मृण्मयी: तक्त्याचं पटलं, तिला डॉक्टरांकडे नेते. पण शाळेला आज चिठ्ठी लिहिली: माझ्या मुलीचं वजन वर्गात घ्यायचं नाही. संध्याकाळी डबा उघडला, पोळी तशीच होती.