तो अलार्म उघडू नकोस

सी-३०४: सगळ्यांचे आभार, आई काल घरी आली. हाताला बँडेज आहे आणि धुरामुळे रात्रभर खोकतेय. सोफा आतल्या आत धुमसत होता, खोली धुराने भरली तरी डोक्यावरचा स्मोक अलार्म गप्प!! गेल्याच आठवड्यात बटण दाबून बघितलेलं हो, कान किटेपर्यंत वाजला होता

ए-१०२: बटण दाबून भोंगा आणि सर्किट चालू आहे एवढंच कळतं रे. जाळी धुळीने बुजली असेल तर धूर आत जाणार कसा? आणि आयनायझेशनवाला आहे का? त्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी धातूचा बारीकसा कण असतो, भडकलेल्या आगीला तो लगेच वाजतो पण धुमसणाऱ्या आगीत उशीर लावतो. तिथे फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाने धूर ओळखणारा, बरा

सी-३०४: काढून ठेवलाय काका, आज स्क्रू खोलून बघतो काय बिघडलंय

बी-५०१ (वकीलताई): अरे थांब!! उघडू नकोस, पुसूपण नकोस, आहे तसा पिशवीत घालून ठेव. तो उघडायचा तज्ज्ञाने, दोन्ही बाजूंसमोर. तू हात लावलास की कंपनी म्हणणार तुम्हीच बिघडवला

सी-३०४: पण ताई, आग काय अलार्ममुळे नाही लागली, कंपनी हात झटकणारच ना

बी-५०१: झटकू दे. आपला दावा आगीचा नाहीये, वेळेत वाजला असता तर काकू आधीच बाहेर पडल्या असत्या आणि एवढं लागलं नसतं हा आहे. तेच सिद्ध करायला जड जातं, म्हणून कोण कुठे झोपलं होतं, धूर आधी कोणाला दिसला, किती वाजले होते, सगळं आजच लिहून काढ, महिन्याभराने प्रत्येकजण वेगळं सांगतो. फायर ब्रिगेडचा रिपोर्ट, दवाखान्याचे कागद, जे असेल ते एका फाइलला लाव. बऱ्याच देशांत वस्तू सदोष होती एवढं दाखवलं की पुरतं, कंपनीचा निष्काळजीपणा वेगळा दाखवावा लागत नाही. मॉडेल रिकॉल झालंय का, म्हणजे दोषामुळे कंपनीने परत मागवलंय का, तेही बघ. दाव्याला मुदत असते हां, आणि भरपाई म्हणून कोणी कागद पुढे केला तर मला दाखवल्याशिवाय सही नाही

ए-१०२: मागे तारीख छापलेली असते बघ. साधारण १० वर्षांनी अख्खा अलार्मच बदलायचा असतो, नुसती बॅटरी नाही

सी-३०४: बघितली 😬 पांढऱ्याचा पार पिवळा झालाय, १३ वर्षं होऊन गेली

बी-५०१: मग कंपनी तेच धरून बसणार, कंपनीविरुद्धची आपली बाजू बरीच लंगडी झाली. तू बसवलेलास का?

सी-३०४: छे, भाड्याने आलो तेव्हापासून आहे. मालकांना दोनदा मेसेज केलेला बदलून द्या म्हणून, "वाजतोय ना, मग काय" म्हणाले

बी-५०१: ते मेसेज आहेत ना अजून? स्क्रीनशॉट काढ आणि मला एकटीला पाठव. इथे टाकू नकोस, मालकपण आहेत ग्रुपवर