‘गोपनीयता’ की ‘खासगीपणा’? आणि ‘माझी संमती’ म्हणजे कुणाची?

म्हापसा : भाच्याने डीएनए चाचणीचा संच मागवला आहे. नळीवरच्या रेषेपर्यंत लाळ भरायची नि पाकीट परत पाठवायचे. मराठी पत्रकात ‘जनुकीय माहितीची गोपनीयता राखली जाईल’ असे आहे. खाली चौकोन, ‘संशोधनासाठी माहिती देण्यास माझी संमती आहे’. इथे ‘खासगीपणा’ हवा ना?

फोंडा : ताई, हवाच. मंत्री पदाची नि गोपनीयतेची शपथ घेतात, ती हातात आलेले बाहेर न फोडण्याची. गोपनीयता हे माहिती सांभाळणाऱ्याचे कर्तव्य, खासगीपणा हा माहिती ज्याची त्याचा हक्क. 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत ठरवला तो हा हक्क. बातम्यांत मात्र ‘गोपनीयतेचा अधिकार’ सर्रास छापून आले, तोच हा घोळ.

मला जास्त टोचतो तो ‘माझी’. सख्ख्या भावंडांत सुमारे निम्मा डीएनए सारखा, चुलत-मावस भावंडांत साधारण आठवा हिस्सा. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी सापडला तो दूरच्या नातलगांनी जीईडीमॅच या डीएनएवरून नातलग शोधायच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या माहितीवरून. त्याने स्वतः कधी नळी भरली नव्हती. 2023 मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणी कंपनीच्या सुमारे 14 हजार खात्यांत चोर शिरले आणि नातलग शोधायच्या सोयीतून जवळजवळ 69 लाख लोकांची माहिती घेऊन गेले. गोव्यात नवऱ्याला एकट्याच्या सहीने घर विकता येत नाही, बायकोची सही लागते. मग लाळेला एकच सही कशी पुरते? मी तिथे ‘सामाईक माहिती’ लिहीन.

पेडणे : ‘सामाईक’ म्हटले की वाटणी आली, हिस्सा आला. जनुकांची वाटणी करून कुणी वेगळा राहू शकत नाही. ‘कुळाची माहिती’ म्हणावी तर इथे कूळ म्हणजे आधी भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, जमीन कसणारा. मला ‘रक्ताच्या नात्याची माहिती’ बरे वाटते. लांब आहे, पण आजीलाही कळेल.

फोंडा : आजीला कळणे महत्त्वाचे, मान्य. तिचेही त्या नळीत आहेच.

म्हापसा : पत्रक बहिणीला वाचून दाखवले. ‘संमती’ तिला कळले, ‘जनुकीय’पाशी ती अडली. ‘रक्ताच्या नात्याची’ म्हटल्यावर तिने लगेच विचारले, “म्हणजे माझीपण?” चौकोन अजून कोरा आहे. भाचा रविवारी मामांशी बोलणार आहे.