"गेलो होतो"चं "हॅड गॉन" होतं, ही सवय कशी मोडायची?

संध्यावर्ग_इंदूर:
वर्गात १४ जण, वयं १८ ते २२, घरी मराठी, बाहेर हिंदी. आठवड्यातून तीन तास. वहीत साधा भूतकाळ बिनचूक लिहितात, पण बोलताना "आय हॅड गॉन टू राजवाडा यस्टरडे". नियम तीनदा सांगून झालाय. काय करावं?

फळा_खडू:
नियम त्यांना कळलाय, मराठी आड येतेय. "काल राजवाड्याला गेलो होतो" हे आपलं रोजचं वाक्य. जाऊन आलो, एवढंच त्यात सांगायचं असतं. हिंदीतलं "गया था"ही तसंच. इंग्रजी 'हॅड'ला मात्र भूतकाळातलाच दुसरा, नंतरचा क्षण लागतो. त्यामुळे 'हॅड म्हणजे होतो' असं वर्गात एकदाही म्हणू नका.

फळ्यावर आडवी रेघ, उजव्या टोकाला 'आत्ता', अलीकडे राजवाड्याची एकच फुली. मग विचारा: गोष्टी किती? कधीची? तिच्याही आधीचं काही सांगायचंय का? नाही ना, मग 'वेंट'. खाली दुसरी रेघ, दोन फुल्या: गाडी सुटली, नंतर मी पोचलो. "व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट." "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात.

उच्चारवही:
रेघेने डोक्यात शिरेल, जिभेवर बसायला तोंडी घोकणंच हवं. दर तासाला ८-१० मिनिटं, क्रियापदं सहाच: वेंट, एट, सॉ, बॉट, मेट, केम. तुम्ही नुसतं "सराफा" म्हणा, वर्गाने पूर्ण वाक्य. आधी सगळे, मग रांगेने, मग एकेकटा. अडखळले तर शेवटाकडून जोडा: "यस्टरडे", "टू सराफा यस्टरडे", "वेंट टू सराफा यस्टरडे".

लगेच सात जोड्या करा. दोघांच्या चिठ्ठ्यांवर एकाच संध्याकाळची अर्धी अर्धी माहिती: कुठे गेले, गराडू कोणी घेतले, कधी परतले. चिठ्ठी दाखवायची नाही, विचारून भरायची. इथे "डिड यू वेंट" हमखास ऐकू येतं, म्हणून प्रश्नाची घडण आधी पाच मिनिटं वेगळी घ्या.

मालवी_पाटी:
दोन रेघा एकाच तासाला नकोत. 'हॅड लेफ्ट' नवं म्हणून तेच डोक्यात राहतं आणि 'वेंट' पुन्हा मागे पडतं. दुसरी रेघ आठवड्याने.

घोकताना चूक तिथल्या तिथे धरा, पण बोलून नाही. बोटं वर करा, एका बोटाला एक शब्द: आय, हॅड, गॉन. मधलं बोट दुमडलं की विद्यार्थी स्वतःच "आय वेंट" म्हणतो. जोड्यांच्या कामात मात्र मध्ये पडू नका. फिरत फिरत पाच-सहा वाक्यं टिपा, शेवटी नावं न घेता फळ्यावर लिहा, वर्गाला दुरुस्त करू द्या. त्यात दोन बरोबर वाक्यंही मिसळा, नाहीतर मुलं डोळे मिटून सगळंच बदलतात.

संध्यावर्ग_इंदूर:
बोटांचं उद्यापासूनच. वाक्यात 'आफ्टर' असेल तर 'हॅड' हवाच का?

फळा_खडू:
नाही. 'आफ्टर', 'बिफोर' असले की क्रम त्या शब्दातच आला, साधा भूतकाळ चालतो. दुसऱ्या रेघेबद्दल मालवी_पाटींचं बरोबर आहे, ती आठवड्याने काढा.