मदत हवी आहे: सर्व्हर बदलताना जुन्या ओव्यांतली जोडाक्षरं तुटतायत

नमस्कार मंडळी,

बेळगावात शहापूरला माझं छोटं होस्टिंग आहे. दोन मशीनं, साठेक गिऱ्हाईकं: शाळा, पतसंस्था, निपाणीचे काही व्यापारी, गणेश मंडळं. जुनं मशीन अजून सेंटओएस ७ या लिनक्सवर चालतंय. त्याचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ ला थांबले, आणि त्यावरच्या मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसचे त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये. आता एका डिस्कवर खराब सेक्टर वाढत चाललेत, त्यामुळे थांबून चालणार नाही. नव्या मशीनवर अल्मालिनक्स ९ आणि मायएसक्यूएल ८.४ घातलंय. डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढून एकेक गिऱ्हाईक हलवतोय. बाकी सगळे सुखरूप गेले, एकावर अडलंय.

ती साइट खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाची. २००९ पासून त्यांनी गावोगावी बसून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. मूळ वह्या ऑगस्ट २०१९ च्या पुरात भिजून गेल्या. सांगणाऱ्या बऱ्याच आज्या आता राहिल्या नाहीत. म्हणजे माझ्या त्या डिस्कवर आहे तेवढंच उरलंय. बॅकअप रोजचा आहे, पण त्यातही डेटा तसाच आहे, म्हणून अंदाजाने काही करायची हिंमत होत नाही.

भानगड अशी आहे. ओव्यांचं टेबल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवता येणारी संकेतपद्धत) आहे, पण जुनं पान पीएचपी ५.६ या वेबच्या भाषेतलं, डेटाबेसशी लॅटिन१ (रोमन लिपीपुरती जुनी संकेतपद्धत) जोडणीने बोलणारं. त्यामुळे प्रत्येक मराठी अक्षर टेबलात दोनदा गुंडाळून बसलंय. तेच पान तसंच उलटं वाचायचं, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. पुढे वाचनालयाने नवी साइट केली, ती बरोबर यूटीएफ-८ ने लिहिते, त्याच टेबलात. हेक्स (साठवलेले कच्चे बाइट) काढून पाहिलं तर नव्या ओळी ई०ए४ ने सुरू होतात आणि जुन्या सी३ए०सी२ए४ ने. जुनं पान नव्या पीएचपीवर चालणार नाही, त्यातली मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकलीत.

आधी मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली: विंडोज १२५२ (लॅटिन१ चाच विंडोजमधला प्रकार) ने बाइट काढायचे, यूटीएफ-८ ने वाचायचे, अडलं तर ते सोडून पुढे. पहिली दहा-बारा शीर्षकं बघितली, बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळं नीट. खाली गेलो तर येळ्ळूरचं येळळूर, गुरुवारचा गरवार, झाडशहापूरचा झ गायब. रात्रभर बसून शोधलं. विंडोज १२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. आणि नेमके तिथेच आपला पाय मोडायचा हलंत, ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू येतात. बेळगाव, खानापूर, निपाणीत यातलं एकही नाही, म्हणून मी फसलो. मायएसक्यूएलचा स्वतःचा लॅटिन१ त्या पाच जागा तशाच सांभाळतो, म्हणून तिथेच उलटं रूपांतर करून पाहिलं. जुन्या ओळी हलंतासकट परत आल्या.

आता खरा प्रश्न. चाळीसेक ओळींत एकाच रकान्यात दोन्ही प्रकार आहेत. कुणीतरी नव्या साइटवरून जुनी ओवी उघडली, वरचा कचरा (दोनदा गुंडाळलेली ओवी) तसाच ठेवून खाली नीट मराठीत टीप लिहिली आणि जतन केली. अख्खा रकाना लॅटिन१ मध्ये नेला की टिपेची नुसती प्रश्नचिन्हं होतात. हातानं करायला तयार आहे, पण माझ्या नजरेवर भरवसा नाही. कुणी असं निस्तरलंय का?

प्रतिसाद:

दादा, रकाना फोडू नका, तीन-तीन अक्षरं पकडा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचंच असतं. म्हणून कचऱ्यात आधी तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, मग कुठलंही एक, असा साचा शोधून तेवढ्याचंच रूपांतर करा. नीट लिहिलेल्या मराठीत हा साचा येऊच शकत नाही. कन्नड मजकूर असेल तर दुसऱ्या जागी वर चढवलेला २ किंवा ३ येईल. रूपांतराचा तक्ता हातानं बनवा आणि त्या पाच जागा त्याच आकड्यांनी भरा. ‘अडलं तर सोड’ हा पर्याय अजिबात नको, अडलं तर स्क्रिप्ट थांबू दे.

आणखी एक विसरू नका. जुन्या टायपिंगमध्ये दुसर्‍या, वार्‍यावर लिहिताना र आणि य च्या मध्ये न दिसणारा जोडक असायचा. तो ए वर टोपी आणि पुढे युरोचं चिन्ह असा दिसेल. त्याचा वेगळा साचा लावा, अवतरणचिन्हंही त्यातच सुधारतील. लांब नोंदींचे शेवट बघा. टेक्स्ट कॉलम ६५,५३५ बाइटचा, आणि दोनदा गुंडाळलेलं अक्षर तीनऐवजी सहा-सात बाइट खातं. शेपूट कापली गेलेली असू शकते.

धागाकर्ता:

मनापासून आभार. टेबलाच्या प्रतीवर चालवलं. आधी जुन्या हेक्समध्ये हलंत मोजले, मग नव्यात, आकडा जुळला. टिपा जशाच्या तशा. जोडकाचं तुम्ही सांगितलं नसतं तर वार्‍यावरचे सगळे र हुकले असते. तीन लांब नोंदींचे शेवट मात्र खरंच कापलेले निघाले, त्यांची छापील पानं कुणाकडे आहेत का ते वाचनालयाचे काका गावात विचारतायत. डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता इतरत्र किती वेळ लक्षात ठेवला जातो तो) ३०० सेकंदांवर आणलाय. रविवारी रात्री साइट नव्या मशीनवर नेणार. जुनं मशीन बंद न करता बाजूला ठेवतोय. सोमवारी सकाळी काका स्वतः एकेक ओवी वाचून बघणार आहेत, त्यांना त्या पाठ आहेत.