मदत हवी आहे: १२० व्होल्टच्या अमेरिकन उपकरणांसाठी ट्रान्सफॉर्मर सोलापुरात कोण बांधून देईल?

नमस्कार मंडळी. कणीक मळायचा स्टँड मिक्सर आणि मायक्रोवेव्ह अमेरिकेतून स्वस्तात मिळतोय, पण दोन्हींच्या नेमप्लेटवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

मिक्सरची काळजी नाही. ३२५ वॅटची कार्बन ब्रशची मोटर आहे, तिला हर्ट्झचा फरक पडत नाही. ७५० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, पुरतो. घोळ मायक्रोवेव्हचा. तो १५०० वॅट खेचतो, म्हणजे किमान २००० व्हीए हवा. त्यातही ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. साध्या मॉडेलचा आतला जड ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर सॅच्युरेट होतो (लोखंडी गाभ्याची चुंबकीय क्षमता संपते), घुंईं करत तापतो आणि वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, जळू शकतं. जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं इन्व्हर्टर मॉडेल कुणी इथे रोज चालवतंय का? टायमर मागे पडतो का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत खात्रीचं वाइंडिंग करणारं कुणी आहे का? तांब्याचीच तार हवी, प्रायमरी-सेकंडरी (इनपुट-आउटपुटची गुंडाळी) वेगळी, एकाच गुंडाळीचा ऑटोट्रान्सफॉर्मर नको. अर्थिंग आउटपुट सॉकेटपर्यंत गेलंच पाहिजे. प्रायमरीला २००, २२०, २४० असे टॅप (लाईनच्या व्होल्टेजप्रमाणे निवडायची जोडणी) हवेत, कारण लाईन २०० वर उतरली की २३०/१२० च्या ट्रान्सफॉर्मरमधून जेमतेम १०४ व्होल्ट निघतात. भाव आणि वजन दोन्ही कळवा.