नव्या घडणीच्या 'जुन्या' पिस्तुलाला कानस लावावी का?

ऑस्टिनकर नाना

मंडळी, विषय आडवळणाचा आहे, पण इथे अमेरिकेतले चार-दोन नेमबाज नक्की वाचतात, म्हणून टाकतोय.

अमेरिकन फौजेने २९ मार्च १९११ ला जॉन ब्राउनिंगने घडवलेलं .४५ (गोळीचा व्यास, इंचात) पिस्तूल स्वीकारलं, म्हणून त्याचं नाव '१९११', आणि १९८५ मध्ये बेरेटाचं पिस्तूल येईपर्यंत तेच चालवलं. अस्सल फौजी नग आता संग्राहकांच्या कपाटात गेलेत. पण त्याच नकाशाबरहुकूम नवी पिस्तुलं आजही बनतात. फिलिपिन्समध्ये बनतात, तुर्कस्तानात बनतात. इलिनॉयच्या एका कंपनीची तर ब्राझीलच्या फोर्जिंगवर उभी राहिली. राखाडी फॉस्फेट फिनिश, तांदळाच्या दाण्याएवढी माशी (नेम धरायचा पुढचा उंचवटा), तपकिरी प्लास्टिकची मूठ.

ग्रीन कार्ड आल्यावर मी फिलिपिन्सचं घेतलं. कर धरून पाचशे डॉलरच्या आत. (एच-वन-बी वाल्यांनो, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर बंदूक बाळगणं हा इथे केंद्रीय गुन्हा आहे. टेक्सास आहे म्हणून सगळं चालतं असं नाही.) गंमत बघा, अमेरिकेला .४५ ची गरज भासली ती फिलिपिन्समध्येच, मोरो लढवय्यांपुढे .३८ चं रिव्हॉल्व्हर थिटं पडलं म्हणून. आता मनिलाशेजारच्या मारिकिनाहून तेच पिस्तूल अमेरिकेला विकलं जातंय.

पहिल्या दिवशी तीन मॅगझिनं झाडली, एकवीस गोळ्या. घोडा (काडतुसावर ठोका देणारा हातोडा) मागे आला की ग्रिप सेफ्टीची, म्हणजे मुठीमागच्या सुरक्षा-खटक्याची, आखूड शेपटी आणि घोडा यांच्यामध्ये अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सापडते. घरी आलो तेव्हा बेचक्यात दोन बारीक लाल रेघा होत्या आणि शर्टाच्या बाहीला रक्त. शिवाय सावलीत माशी दिसत नाही आणि रिकाम्या पुंगळ्या त्यांच्या बाहेर पडायच्या खिडकीच्या काठावर आपटून चेपतात.

म्हणून बीव्हरटेल (रुंद, लांब शेपटीची ग्रिप सेफ्टी) बसवायची, माशी बदलायची, पुंगळीची खिडकी खाली उतरवायची, चाप हलका करायचा असं ठरवलंय. माझं मत सांगतो. अशा कामाला प्रतिकृती हाच सगळ्यात चांगला पाया. १९४३ च्या अस्सल फौजी रेमिंग्टन रँडला कानस लावणारा माणूस करंटा, पण हे कालपरवाचं लोखंड आहे. वर कोरी पाटी. कंपनीने काहीच कापलेलं नाही, त्यामुळे मला हवं तसं कापता येतं. बोला.

पैचा हिशेब

असहमत, आणि इतिहासाशी माझं काही देणंघेणं नाही, मी फक्त पावत्या बघतो.

पाचशेचं पिस्तूल. बीव्हरटेल आणि ती बसवायची मजुरी. नवी सेफ्टी, कारण जुनी त्या बीव्हरटेलशी जुळत नाही. पुढच्या साइटसाठी (तीच माशी) स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या सरकत्या भागात, डव्हटेल (तिरप्या कडांची खाच) कापायची, मागची वेगळी. खिडकी. चाप. एवढं झालं की पिस्तुलावर चार ठिकाणी पांढरं लोखंड उघडं पडतं, म्हणजे फिनिश पुन्हा करा. हा शेवटचा आकडा उत्साहाच्या भरात कोणीच धरत नाही. माझ्या मित्राने साडेचारशेच्या पिस्तुलावर अकराशे घातले. विकायला नेलं तर दुकानदाराने पाचशे सांगितले आणि वर विचारलं, "काम कोणी केलंय?"

दोनेकशे जास्त टाका, बीव्हरटेल आणि चांगल्या साइट कारखान्यातूनच लागून येतात. वन बीएचके घ्यायचा, मग भिंती पाडून टू बीएचके करायचा आणि विकताना भाव वन बीएचकेचा घ्यायचा. हा कुठला शहाणपणा?

बटाटेवडा_४५

हिशेबच करायचा असता तर पत्ते खेळलो असतो. नाना, करा!

ओहायोवाली

नाना, अस्सलला कानस लावणारे करंटे म्हणालात. मग मरीन कोरसुद्धा करंटी?

त्यांच्या खास तुकड्यांसाठी १९८० च्या दशकात जी .४५ पिस्तुलं बांधली गेली, ती कशावर बांधली? क्वांटिको या मरीन तळावरच्या आर्मररांनी (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यांनी) कोठारातल्या जुन्या फौजी फ्रेमा (पिस्तुलाचा मुठीसकट खालचा सांगाडा) हाताने निवडून काढल्या. सरकारने १९११ ची शेवटची खरेदी १९४५ ला केलेली, म्हणजे चाळीस वर्षं जुन्या फ्रेमा. त्यांवर बाजारातली नळी, बीव्हरटेल, साइट, दोन्ही बाजूंची सेफ्टी. नवीन कोल्टचं कंत्राट व्हायला २०१२ उजाडलं. त्याआधी ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या नेमबाजी स्पर्धांत दोन पिढ्या नेमबाज फौजी पिस्तुलंच घट्ट करून वापरत होते. आर्मंड स्वेन्सन, जिम क्लार्क यांच्यासारखे कारागीर त्यावरच मोठे झाले. कारण साधं आहे, तेव्हा ती मुबलक होती आणि स्वस्त होती. आज सरकारी योजनेतून अस्सल हवं तर लॉटरीत नाव लागावं लागतं. ती जागा प्रतिकृतीने घेतली, इतकंच. त्यात पावित्र्याचा प्रश्न कुठून आला?

अस्सल म्हणजे पाया भक्कम, हेही डोक्यातून काढा. पहिल्या महायुद्धातल्या स्लाइडा मऊ, उष्णतेची प्रक्रिया न झालेल्या. आजच्या काडतुसांवर रोज झाडल्या तर चिरतात. तुमचं मारिकिनाचं लोखंड त्यापेक्षा उजवं आहे.

पण 'कोरी पाटी' हे काही पटलं नाही. आमच्या क्लबमध्ये एकाने 'कुठेही बसते' म्हणून विकली जाणारी बीव्हरटेल मागवली. बसली, पण एका बाजूला पोस्टकार्ड जाईल एवढी फट. प्रत्येक कंपनीच्या फ्रेमची ती मागची दोन शिंगं थोडी वेगळी असतात. त्याने डरेमल (हातात धरायचं फिरतं घासणीयंत्र) काढलं. मग फट दोन्ही बाजूंना झाली.

आणि चाप हलका करण्याचं काम स्वतः करू नका. त्याच माणसाने घोड्याची खाच 'थोडीशी' घासली होती. रेंजवर स्लाइड पुढे गेली आणि घोडाही तिच्याबरोबर पुढे गेला. गोळी उडाली नाही हे नशीब. रेंज ऑफिसरने पिस्तूल काढून घेतलं आणि आम्ही सगळे पाच मिनिटं गप्प उभे होतो.

भोसरीकर फिटर

पिस्तूल मी आयुष्यात हातात धरलेलं नाही. एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. पुतण्या न्यू जर्सीला असतो, त्याने हा धागा पाठवला म्हणून लिहितोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

ओहायोवाल्या ताई म्हणतात ते खरं आहे, पण खरं दुखणं त्याच्याही मागे आहे. हा नकाशा युद्धाचा आहे. कोल्ट, रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल, अगदी शिलाई मशीनवाल्या सिंगरनेही पाचशे नग केले असं वाचलं. एकाची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर चढली पाहिजे, आघाडीवर, कानस न लावता. म्हणजे मुद्दाम ढिलाई ठेवलेली. क्लिअरन्स. चिखल गेला तरी चाललं पाहिजे. प्रतिकृती करणारा तोच नकाशा समोर ठेवतो, म्हणजे ढिलाईसुद्धा विकत मिळते.

आता तुम्हाला हवंय फिटिंग. फिटिंगला माल लागतो. भाग थोडा जाड हवा, मग निळा रंग लावून, घासून, पुन्हा लावून, एक-एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) उतरवत न्यायचा. इथे, ज्यांवर स्लाइड सरकते त्या फ्रेमच्या रुळांवरचा माल कारखान्यातच उतरलाय. लोखंड काढता येतं, घालता येत नाही. तुमच्या पाटीवर आधीच कोणीतरी लिहून पुसलंय, साहेब.

उपाय नाही असं नाही. नळी आणि बुशिंग (नळीच्या तोंडाशी तिला धरणारी कडी) जाड मापाची विकत मिळतात असं पुतण्या म्हणतो. तिथे माल आहे, तिथे फिटिंग करा. नळीचं कुलूप (जिथे ती स्लाइडमध्ये अडकते) आणि बुशिंग नीट बसलं तर रुळ थोडे सैल असले तरी गोळ्या एकत्र पडाव्यात, असं माझं यंत्र बघून मत झालं. स्लाइड घट्ट करायच्या नादात फ्रेमचे रुळ ठोकून चेपू नका.

फ्रेम ओतीव आहे की घडीव, हेही तपासा. ओतीव असेल तर मुठीच्या पुढच्या बाजूला नक्षी कापण्याआधी दहा वेळा विचार करा. आत पोकळी निघाली तर सगळं मुसळ केरात.

ऑस्टिनकर नाना

काका, दंडवत. ओतीव फ्रेमेबद्दल मात्र थोडा विरोध. कॅस्पियन कंपनीच्या फ्रेमाही ओतीवच, आणि स्पर्धेची पिस्तुलं बांधणारे त्या वर्षानुवर्षं वापरतायत. रूगरचं १९११ सुद्धा ओतीव फ्रेमचं. ओतकाम चांगलं की वाईट, एवढाच प्रश्न. पण रुळांवर माल नाही हा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. काल व्हर्नियर घेऊन बसलो. तुम्ही म्हणता तसंच आहे.

जुनं जपणारा

सगळे 'प्रतिकृती' म्हणताय जणू काही ती एकच वस्तू आहे.

माझ्याकडे कोल्टने या शतकाच्या पहिल्या दशकात काढलेली १९१८ च्या पिस्तुलाची प्रतिकृती आहे. १९१८ मध्ये युद्धाच्या घाईत कोल्टने पॉलिशवरचे हात कमी केले, म्हणून त्या वर्षीची पिस्तुलं काळपट, आणि उजेडात धरली की फिनिशखाली हत्यारांच्या रेघा दिसतात. प्रतिकृतीत तो काळपटपणा मुद्दाम आणलाय. आता ती बनत नाही. क्लबमधला एक तरुण मला म्हणाला, "काका, प्रतिकृतीच आहे ना, बीव्हरटेल लावा की!" मी त्याला चहा पाजला आणि पिस्तूल पेटीत घातलं.

ज्या कारखान्याने अस्सल बनवलं त्यानेच नव्वद वर्षांनी स्वतःची नक्कल केली, ती नक्कल कशी? आणि इलिनॉयच्या कंपनीचं बघा. मॅसॅच्युसेट्सचं सरकारी स्प्रिंगफील्ड शस्त्रागार १९६८ ला बंद झालं, १९७४ मध्ये यांनी ते नाव घेतलं. तिथे नावसुद्धा प्रतिकृती आहे! तिला खुशाल कापा. नानांच्या फिलिपिनोलाही कापा. पण 'प्रतिकृती आहे, घाला कानस' हा सरसकट नियम मला मंजूर नाही. बुलेटवाल्यांना विचारा. सत्तरच्या दशकातल्या गाड्यांच्या टाक्या ज्यांनी हौसेने कापल्या, ते आता मूळ टाकी शोधत जुन्या बाजारात फिरतायत.

पैचा हिशेब

@जुनं जपणारा, म्हणजे शेवटी तुम्हीही भावाचंच बोललात. स्वागत आहे.

जुनं जपणारा

भावाचं नाही हो. विकायचंच नाहीये मला.

पेठेतला वाचनमात्र

इथे पुण्यात वडिलांच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी एका कार्यालयात सहा चकरा झाल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून आजोबांची बारा बोअर जमा केली. तिची नळी कोणी गुळगुळीत केली, मूठ कोणी घडवली, काहीच कळलं नाही, पावती तेवढी मिळाली. आणि तुम्ही लोक टपालाने सुटे भाग मागवून घरच्या गॅरेजात घासता. मला हेवा वाटतो की भीती, हे अजून ठरलेलं नाही.

ओहायोवाली

दोन्ही वाटू द्या. मला इथे वीस वर्षं झाली, मलाही दोन्ही वाटतं.

फक्त एक, टपालाने सुटे भाग येतात, पण कायद्याने 'बंदूक' म्हणजे नंबर कोरलेली फ्रेम. ती टपालाने थेट घरी येत नाही, परवानाधारक दुकानात येते, आणि तिथून सहसा पार्श्वभूमी तपासूनच मिळते. नानांचं पिस्तूलही तसंच आलंय. सगळं अगदीच मोकळं नाही.

ऑस्टिनकर नाना

तर मंडळी, निकाल. अर्धा तुमच्या बाजूने, अर्धा माझ्या.

रुळांना हात लावत नाही. चाप, घोडा, सेफ्टी हे सगळं कारागिराकडे, स्वतः काही घासणार नाही. बीव्हरटेल लावणारच, कारण बेचकं माझं आहे. कारागिराकडे शिंगांवर बसवायचा जिग (कानस अडवणारा साचा) आहे, कानस तो त्याच्या कडेपर्यंतच नेतो, पुढे नाही. पुढची माशी डव्हटेलची. खिडकी तशीच ठेवतो, पुंगळ्या चेपल्या तर चेपू देत, मी त्या पुन्हा भरत नाही. नळी पुढच्या वर्षी, काकांच्या म्हणण्याप्रमाणे जाड मापाची. फिनिश शेवटी एकदाच. हिशेबवाल्यांनी आकडा विचारू नये.

प्रतिकृती घेतल्याचा पश्चात्ताप नाही. कारागिराने ती टेबलावर ठेवली, उलटसुलट केली आणि म्हणाला, याच्यावर चुकायला मला भीती वाटत नाही. अस्सलवर तो असं म्हणाला नसता.

एकच गोष्ट स्वतः करणार आहे. तपकिरी प्लास्टिकच्या जागी मुठीच्या पाट्या. कोल्हापूरच्या घरातला आजोबांचा शिसवी पलंग मोडला तेव्हा त्याच्या पायाचा एक तुकडा मी इथे आणला होता, पेपरवेट म्हणून. आईला अजून सांगितलेलं नाही.

बटाटेवडा_४५

आजोबांच्या पलंगाला कानस चालते, पण रेमिंग्टन रँडला नाही?

भोसरीकर फिटर

लाकूड कापताना रेषा मुठीच्या उभ्या दिशेने ठेवा. आडवी ठेवलीत तर स्क्रूच्या भोकापाशी चिरेल. आणि दोन्ही पाट्या एकाच तुकड्यातून, शेजारशेजारच्या काढा, नाहीतर रंग जुळणार नाही.